वाफा क्रमांक एकला जेऊ घातल्याबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
हिरवा वाफा जैवकोळसा व भाजीपाला रोपवाटिका पथदर्शी प्रकल्प,
साकोली कक्ष, जि. भंडारा.

अर्जदार: सौ. बेबीबाई केवळराम नान्हे, वय ५८, धंदा मासेमारी व रोपे तयार करणे, राहणार मौजा बोडीटोला, ता. साकोली.
अर्ज लिहून देणार: मधुकरराव कापगते, साकोली.

विषय: जैवकोळशाने रोपे खुरटतात हा अहवालातील निष्कर्ष अर्जदार बाईंच्या कसुरीमुळे चुकलेला असल्याने तो दुरुस्त करणेबाबत, बाईंना दिलेली दोन प्रशस्तिपत्रे परत घेणेबाबत, व गावची कोळसा भट्टी दि. १४ नोव्हेंबर रोजी उचलून न नेणेबाबत.

संदर्भ: १) अर्जदाराचे याच विषयावरील पाच अर्ज. २) त्यांस आलेली तीन उत्तरे. ३) उत्तर म्हणता येणार नाही असे आलेले एक टपाल.

महोदय,

१. हा अर्जदार बाईंचा सहावा अर्ज आहे. आधीचे पाचही याच लेखकाने लिहून दिले. त्यांत "सविनय सादर" होते, "कृपावंत होऊन" होते, समास सोडलेला होता. एकतीस वर्षे टेबल मांडून अर्ज लिहिणाऱ्याला जे जे येते ते सर्व त्यांत होते, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी वाचले नाहीत. आज बाईंनी बाकावर बसताच सांगितले, "भाऊ, यंदा कागदावानी नका लिहू. झालं तसं लिहा. साहेबाले समजू द्या का कसूर माही हाये, कोळशाची नाई." सबब हा अर्ज झाले तसा लिहिला आहे. तो लांबला आहे याची जाणीव आहे. थोडक्यात लिहून काही होते यावर लिहिणाऱ्याचाही आता विश्वास उरलेला नाही.

२. मौजा बोडीटोला येथे ढिवर या मासेमार समाजाची बावीस घरे आहेत आणि घरांना लागून जुना मालगुजारी तलाव आहे. तलावाच्या उत्तर काठापासून आत पाण्यापर्यंत बेशरमाची झुडपे माजलेली आहेत. बेशरम नुसती छाटली की दुप्पट फुटते, गुरे तिला तोंड लावत नाहीत, आणि जिथे ती आहे तिथे जाळे पडत नाही. बावीस घरांचे पोट ज्या पाण्यावर आहे ते पाणी दरवर्षी थोडे थोडे तिच्या घशात जात होते. अशात २०२४ च्या उन्हाळ्यात आपल्या प्रकल्पाने गावाला लोखंडी पिंपाची कोळसा भट्टी दिली. बेशरम मुळासकट उपटायची, वाळवायची, भट्टीत भरून पेटवायची, धूर पातळ झाला की झाकण लावून फटी चिखलाने लिंपायच्या आणि दुसऱ्या दिवशी कोळसा काढायचा. तो कुटून, चाळून वाफ्यात मिसळायचा आणि त्यात वांगी, टमाटर, मिरचीची रोपे करून विकायची. या कोळशाला कागदावर जैवकोळसा म्हणतात, बाया नुसता कोळसाच म्हणतात. गंगामाय महिला बचत गटाच्या बायांनी एका हंगामात बेशरम साठ-सत्तर पावले मागे रेटली. अर्जदार बाईंचे यजमान श्री. केवळराम यांनी सात वर्षांनंतर त्या जागी जाळे टाकले. पहिल्या दिवशी केवढा मासा लागला ते सांगताना ते अजून दोन्ही हात पसरतात. भट्टी राहिली तर बेशरम निघत राहील व बेशरम निघाली तर तलाव राहील, एवढ्याचसाठी हा सर्व खटाटोप आहे.

३. त्याच वर्षी सप्टेंबरात, कोळशाचा बियांच्या उगवणीवर व रोपांच्या वाढीवर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी प्रकल्पाने बाईंच्या घरामागे चाचणी घेतली. प्रक्षेत्र सहायक श्री. चंद्रकुमार यांनी दोरी लावून चार सारखे वाफे आखले. पहिल्यात नुसती माती. दुसऱ्यात शंभर भाग मातीला पाच भाग कोळसा, तिसऱ्यात दहा भाग, चौथ्यात वीस भाग. प्रत्येक वाफ्यात वांग्याच्या शंभर बिया, एक एक मोजून. चंद्रकुमार हे भले गृहस्थ आहेत, कंत्राटी आहेत आणि त्यांच्याकडे पंधरा गावे आहेत, हे लिहावेच असे बाईंनी दोनदा सांगितले, कारण त्यांच्या नोकरीवर काही येऊ नये. जाताना त्यांनी बजावले, "मावशी, पहिल्या वाफ्याले कोळसा दाखवाचा बी नाई. पानी साऱ्यायले सारखं, बाकी हात लावाचा नाई." बाईंनी विचारले, "काहून बाबू, त्यानं कोनाचं काय केलं?" चंद्रकुमार हसले आणि म्हणाले की तो वाफा तुलनेसाठी आहे, बाकीचे त्याच्याशी ताडून पाहायचे आहेत. हे बाईंना तेव्हाच समजले होते. अडाणी आहे, समजले नाही, असे लिहू का म्हणून लेखकाने सुचवून पाहिले होते, पहिल्याच अर्जाच्या वेळी. बाईंनी ते साफ नाकारले.

४. इथे गावची एक रीत सांगणे भाग आहे, तिच्याशिवाय पुढचे कळायचे नाही. तलावात मोठे जाळे ओढले की मासे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओततात आणि वाटे पाडतात. वाटे पाडण्याचे काम बोडीटोल्यात अर्जदार बाईंकडे आहे, त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंकडे होते. वाटे पाडताना हात मोजत नाहीत, घरे मोजतात. जाळ्याला कोण आले, कोण तापाने पडले, कोणाचा माणूस वारला, हे बघायचे नाही. बावीस घरे, बावीस वाटे. सगळे वाटे पाडून झाले की पाडणारीने त्यांवरून एकदा नजर फिरवायची, आणि जो हलका दिसेल त्यावर आपल्या वाट्यातली मासोळी उचलून ठेवायची. बाई हे काम सव्वीस वर्षे करीत आहेत आणि त्यावरून पाळीवर कधी भांडण झालेले नाही. त्यांचा हात आता न विचारता हलक्या वाट्याकडे जातो. हे गुण म्हणून लिहिलेले नाही, कसुरीचे कारण म्हणून लिहिले आहे.

५. आता कसूर. दहाव्या दिवशी चंद्रकुमार येऊन कोंब मोजून गेले. पहिल्या वाफ्यात सेहेचाळीस, दुसऱ्यात एकसष्ट, तिसऱ्यात त्र्याहत्तर, चौथ्यात पन्नास. म्हणजे कोळसा बेताने घातला तर उगवण चांगली, जास्त झाला तर परत कमी, आणि मुळीच नसला तर सर्वांत वाईट. एवढ्यावर चाचणी थांबली असती तर आज लिहायला काही नव्हते. पण बाई रोज सकाळी त्या वाफ्यांजवळच मासे साफ करायला बसतात. समोर तीन वाफे हिरवे आणि कडेचा एक पिवळट, टकलू. बाईंनी एक दिवस पाहिले. दुसऱ्या दिवशी वाफ्याकडे पाठ करून बसल्या. तिसऱ्या दिवशी उठल्या. घरच्या वांग्या-मिरचीसाठी त्यांनी एका मडक्यात थोडा कोळसा मासे धुतलेल्या पाण्यात पंधरा दिवस भिजत घातलेला होता. तो काळा, मुरलेला रबडा त्यांनी वाटीने पहिल्या वाफ्याच्या ओळींमधून घातला. केवळराम दातण करीत उभे होते. ते म्हणाले, "काहून वो, त्या बाबूनं नाई म्हटलं होतं ना?" बाई म्हणाल्या, "तिघायले भेटलं. याले काहून नाई? उगवाले लावलं ना यालेबी?" पुढे पाच दिवस बाईंनी रोज एक वाटी घातली आणि वरून माती सारखी केली, म्हणजे कोणाला दिसू नये. हे वरून माती सारखी करणे त्यांना आज सर्वांत जास्त लागते.

६. विसाव्या दिवशी पहिल्या वाफ्यात एक्याऐंशी कोंब होते. मागे राहिलेल्या बिया माती फोडून वर आल्या होत्या. चंद्रकुमारांनी दोनदा मोजले, डोके खाजवले आणि आकडा लिहून घेतला. पंचविसाव्या दिवशी पट्टी लावली तेव्हा पहिल्या वाफ्यातले रोप पंधरा सेंटिमीटर आणि बाकी तिघांतल्या सर्वांत चांगल्या वाफ्यातले बारा. इतर तीन वाफ्यांत कोळसा कोरडाच मिसळलेला होता. पहिल्याला मुरवलेला मिळाला होता, तोही वरून, आणि बाईंचा जीव लागला होता तो वेगळाच. त्याच वेळी तोंड उघडायला हवे होते. पण त्या दिवशी सोबत दोन मोठे साहेब होते, फोटो चालले होते, आणि पहिल्या वाफ्याकडे बोट दाखवून त्यातले एक म्हणाले, "वा!" बाईंना वाटले, साहेब खूश आहेत, आता कशाला मध्ये बोला. ही त्यांची दुसरी कसूर समजावी.

७. अहवाल डिसेंबरात आला. तो एकोणचाळीस पानांचा आहे. सार असे की कोळसा न घातलेल्या वाफ्यात रोपांची वाढ सर्वोत्तम आढळली, कोळशाने रोपे खुरटतात, सबब भाजीपाला रोपवाटिकेत जैवकोळशाचा वापर टाळावा. दहाव्या दिवसाचा सेहेचाळीस हा आकडा चंद्रकुमारांच्या वहीत होता व आहे. पण छापील नमुन्यात रकाना एकच, शेवटच्या दिवसाचा, म्हणून तो आकडा "वाचनदोष" असा शेरा मारून वगळण्यात आला. फेब्रुवारीत भट्टीच्या झाकणावर कागद चिकटवून शिक्का मारण्यात आला. गटाकडे तयार असलेली मिरचीची रोपे "कोळसाबाधित" ठरली व ती कोणी घेऊ नयेत असे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले. रोपे चांगली वीतभर, लावणीच्या बेताची होती. गटातल्या सुमनबाई आणि इतर बायांनी ती उपटून पाळीवर टाकली, आणि बाई घरात बसून राहिल्या, कारण कोणाच्या तोंडाकडे बघायचे? बेशरम उपटायला आता कारण उरले नाही. पावसाळ्यात ती मागे गेलेली सगळी पावले पुढे चालत आली. मागील महिन्यात केवळरामांनी जुन्या जागी जाळे टाकले ते तीन ठिकाणी फाटून हातात आले.

८. मध्ये २६ जानेवारीला बाईंचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि चौकटीतले प्रशस्तिपत्र. त्यावर "कोळशाविना उत्कृष्ट रोपनिर्मिती" असे सोनेरी अक्षरांत आहे. बाईंनी व्यासपीठावरच सांगायचा प्रयत्न केला, तर साहेबांनी फोटोसाठी समोर बघायला सांगितले. घरी येऊन त्यांनी ते भिंतीकडे तोंड करून ठेवले आणि दोन दिवसांनी लेखकाकडे आल्या. तेव्हापासून लेखकाचा आणि या प्रकरणाचा संबंध आहे.

९. पहिल्या अर्जाचे उत्तर आले नाही. दुसऱ्या अर्जाबरोबर तक्रारीचा छापील नमुना भरावा लागला. त्यात "तक्रार कोणाविरुद्ध" या रकान्यात बाईंचेच नाव लिहिले, कारण तेच खरे होते. उत्तर आले की तक्रारदार व गैरअर्जदार एकच व्यक्ती असल्याने प्रकरण आपसांत मिटले असे समजून निकाली काढण्यात येत आहे. तिसऱ्या अर्जात प्रशस्तिपत्र परत घ्यावे एवढीच विनंती होती. कार्यालयात प्रशस्तिपत्राबाबत एकच नमुना आहे, तो हरवल्याचा. लिपिकांनी तोच भरून घेतला, आणि महिन्याभराने टपालाने दुसरे प्रशस्तिपत्र आले. संदर्भ तीनमध्ये ज्याला उत्तर म्हणता येणार नाही असे म्हटले आहे ते हेच. बाईंकडे आता एका खोट्याचे दोन पुरावे आहेत. चौथ्या अर्जाला मात्र सविस्तर उत्तर मिळाले की अहवाल वरिष्ठ कार्यालयाने स्वीकारलेला असल्याने वाफ्यात प्रत्यक्ष काय घातले होते या कारणावरून त्यात बदल करता येणार नाही. हे वाक्य लेखकाने बाईंना तीन वेळा वाचून दाखवले. चौथ्यांदा त्या म्हणाल्या, "राहू द्या भाऊ, तुमचाबी गळा दुखत असन."

१०. पाचव्या अर्जाचे फळ असे की बाईंना दिघोरी येथे "कोळशाविना रोपवाटिका: एक यशोगाथा" या विषयावर बोलण्यासाठी बोलावणे आले. बाई गेल्या. त्यांना वाटले, कागद ऐकत नाही तर माणसे तरी ऐकतील. साठ-सत्तर बाया बसल्या होत्या. बाईंनी उभे राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सर्व सांगितले, मडके, वाटी, माती सारखी करणे, सर्व. मागच्या रांगेतून एक म्हातारी ओरडली, "मंग बाई, कोळसा चांगलाच झाला ना? हे साहेब लोक कायले उलटं सांगून राहिले?" बाई म्हणाल्या, "म्या फसवलं त्यायले." त्यानंतर चहा झाला. कार्यक्रमाच्या नोंदीत "अर्जदार यांनी अनुभवकथन केले, महिलांचा उत्स्फूर्त प्रतिसाद" असे आहे. त्या नोंदीची प्रत जोडली आहे, कशासाठी ते विचारू नये.

११. शेवटी बाईंनी स्वतःच पुन्हा चाचणी घ्यायचे ठरवले. यंदा १ ऑक्टोबर रोजी त्याच जागी, तसेच चार वाफे आखले, आणि पाचवा एक वाढवला. पहिल्यात काही नाही. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्यात मागच्याप्रमाणेच कोरडा कोळसा. पाचव्यात दहा भाग कोळसा, पण मासे धुतलेल्या पाण्यात पंधरा दिवस मुरवलेला. कोळसा घरी जुना पडलेला होता तोच वापरला, भट्टीच्या शिक्क्याला हात लावलेला नाही. बिया मोजताना शाळेच्या गुरुजींना बसवले. चौदाव्या दिवशी पहिल्यात एकोणपन्नास उगवल्या, तिसऱ्यात चौऱ्याहत्तर, पाचव्यात त्र्याऐंशी. पंचविसाव्या दिवशी पहिल्यातले रोप सात सेंटिमीटर, तिसऱ्यातले अकरा, पाचव्यातले सोळा. दिवाळीच्या दिवसांतही रोज नोंद आहे आणि प्रत्येक पानावर गुरुजींची सही आहे. चंद्रकुमार स्वतःच्या सुट्टीत येऊन मुळ्या मोजून गेले, पण त्यांनी सही केलेली नाही, आणि त्यांच्यावर तशी वेळ आणू नये.

१२. आकडे सर्व वहीत आहेत. वहीत नाही ते असे की या वेळी पहिल्या वाफ्याला काही न देणे बाईंना फार जड गेले. स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता म्हणून त्या वाफ्याला पाणी घालायचे काम त्यांनी सुमनबाईंकडे दिले. मासे साफ करायला त्या आता घरामागे बसत नाहीत, लांब तलावाच्या सांडव्याकडे जाऊन बसतात, आणि मासे धुतलेले पाणी तिथेच टाकून येतात. वाफ्याजवळून जावेच लागले तर पदर तोंडाशी धरून जातात, असे केवळरामांनी लेखकाला खाजगीत सांगितले. एकदा सुमनबाई म्हणाल्या, "का वो बेबी, रोपंच तं हायेत. लेकरं थोडीच हायेत?" बाई म्हणाल्या, "मले मालूम हाये रोपं हायेत म्हणून. तरी पाहवत नाई ना वो." आज चाळिसावा दिवस आहे. वांग्याचे रोप तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी लावायला निघते. बाकी वाफ्यांतली रोपे गावातल्या बायांनी नेऊन लावली, पुराव्याला प्रत्येकी दहा-दहा ठेवली. पहिल्या वाफ्याची सर्व एकोणपन्नास तशीच उभी आहेत, म्हणजे होती. काल त्यातली सहा माना टाकून पडली.

१३. सबब विनंती अशी की, आपण स्वतः किंवा आपण पाठवाल त्या कोणीही गुरुवार दि. १३ पर्यंत बोडीटोल्यास येऊन पाचही वाफे डोळ्यांनी पाहावेत. मोटारसायकलने साकोलीहून अर्ध्या तासाचा रस्ता आहे, पावसाने खराब झाला आहे पण येता येते. पाहून झाल्यावर अहवालात एवढेच लिहावे की कोळसा बेताने आणि मुरवून घातला तर बी उगवते, रोप वाढते, आणि मागची चूक बेबीबाई नान्हे हिची. नाव लिहावे, बाईंची हरकत नाही. दोन्ही प्रशस्तिपत्रे परत घ्यावीत, शाल वापरलेली असल्याने ती देता येत नाही. आणि शुक्रवारी दि. १४ रोजी करडी या दुसऱ्या गावाला नेण्यासाठी भट्टी उचलण्याचा जो आदेश आहे, तो वाफे पाहून होईपर्यंत थांबवावा. करडीला भट्टी जाण्यास विरोध नाही, पण ज्या अहवालाने ती इथे वाईट ठरली त्याच अहवालाने ती करडीला चांगली कशी, हेही जमल्यास कळवावे. बावीस घरे आपल्या वाटेकडे डोळे लावून आहेत.

एवढे लिहून हा अर्ज पुरा करते व यापुढे या विषयावर सातवा लिहावा लागू नये अशी इच्छा करते,

आपली नम्र आणि कसूरवार,
(सही) बेबीबाई केवळराम नान्हे
साकोली, दि. १० नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) यंदाच्या चाचणीच्या नोंदी, गुरुजींच्या सहीनिशी.
२) चंद्रकुमार यांच्या वहीतील दहाव्या दिवसाच्या पानाची झेरॉक्स.
३) प्रशस्तिपत्रे, नग दोन.
४) दिघोरी येथील नोंदीची प्रत.
५) प्रत्येक वाफ्यातील दोन रोपे, एकूण दहा, मातीसह, टोपलीत. जिवंत आहेत. साहेब येईपर्यंत दिवसातून एकदा पाणी शिंपडावे.

ता. क. वरील अर्ज आज दुपारी अडीच वाजता आवक खिडकीवर दाखल करण्यास नेला, लेखक सोबत होता. तेथील लिपिक श्री. बाबूलाल यांनी सांगितले, "मावशी, साहेब ट्रेनिंगले गेले. सतरा तारखेले येतीन." भट्टीचे विचारले तर म्हणाले, "टेम्पो चौदाचाच लागला हाये. थे टेबल वेगळं." टोपलीकडे बघून ते नरमले, पण जिवंत वस्तू आवक-जावकला चढत नाही, त्याला नंबर कुठे टाकायचा, असे म्हणाले. त्यांनी प्रशस्तिपत्रेही परत दिली, ती मूळ प्रत असल्यामुळे. सबब सहपत्र तीन व पाच रद्द समजावे.

बाई कार्यालयाच्या पायरीवर टोपली मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या होत्या. लेखकाने सुचवले की अजून सात दिवस रोपे तशीच ठेवावीत, साहेब सतराला आले आणि त्यांनी पाहिले तर भट्टी करडीहून परतही येऊ शकेल. असे होऊ शकते. लेखकाने एकतीस वर्षांत एक-दोनदा पाहिले आहे. बाईंनी पहिल्या वाफ्याचे एक रोप टोपलीतून उचलून दाखवले. त्याचे खालचे पान गळून हातात आले. त्या म्हणाल्या की गटातल्या सगळ्या बायांशी काल रात्रीच बोलणे झाले आहे, साहेब वेळेवर आले नाहीत तर काय करायचे ते ठरलेले आहे, आणि आता शेवटी दोन ओळी त्यांच्या शब्दांत लिहाव्यात. त्या अशा:

"साहेब, सतरा तारखेवरी हे रोपं राहत नाई. भट्टी न्याची असन तं न्या, आम्ही बेशरम हातानंच उपटू, जेवढी होईन तेवढी. वाफा एकले मी आज संध्याकाळी जेवाले देऊन राहिली. तुमी आले तं तो तुमाले हिरवा दिसन, मंग पुरावा नाई राहणार, हे मले समजते. मांगच्या खेपेस म्या लपून देल्लं होतं. या खेपेस अर्ज करून देऊन राहिली."